दोनशे बारावं नाव

मुलांनो, घरात हरवलेली वस्तू तुम्ही कशी शोधता? पहिल्या कोपऱ्यापासून एकेक कपाट उघडत, की मधूनच कुठेतरी हात घालून, की सरळ आईला विचारून?

आईला विचारणारे हुशार. ती पोळी लाटता लाटता, मान वर न करता सांगते, "दारामागच्या खुंटीवर बघ." आणि वस्तू तिथेच असते. याहून वेगवान रीत अजून कुणाला सापडलेली नाही. मला हे ठाऊक होतं. तरीही वेळेला सुचलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

एका जंगलात एक खार होती. ती खार म्हणजे मीच. गोष्टीत असं सांगत नाहीत, पण लपवून तरी काय करू? शेपटी दिसतेच आहे.

मी जंगलाच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले. गणितात पस्तीस गुण होते. पण माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून मला पाणवठ्याच्या फाटकावर कारकून नेमलं.

पाणवठ्याला फाटक कशाला, असं विचाराल. सांगते.

त्या वर्षी वैशाखात आमच्या जंगलातली सगळी तळी आटली. एकच पाणवठा उरला. शेजारच्या जंगलातले प्राणीही तिथे येऊ लागले. तेव्हा आमच्या वाघराजांनी हुकूम काढला. पाणवठ्याभोवती काट्यांचं कुंपण घालायचं. आपल्या जंगलातल्या प्राण्यांची यादी करायची. ज्याचं नाव यादीत सापडेल, त्यालाच आत सोडायचं.

यादी मी केली. झाडाच्या सालीचे तुकडे घेतले. एका तुकड्यावर एक नाव कोरलं. जो जसा नोंदवायला आला, त्या क्रमाने ते तुकडे एका लांब वेलीवर टांगले. एकूण दोनशे बारा नावं झाली.

शेवटचं, दोनशे बारावं नाव साळूआजीचं.

साळूआजी म्हणजे म्हातारी साळिंदर. मी ज्या झाडावर राहते, त्याच झाडाच्या मुळाशी तिचं बीळ आहे. तिचे गुडघे दुखायचे. म्हणून नाव नोंदवायलाही ती सगळ्यांच्या शेवटी पोचली. साळिंदरं खरं तर उन्हात बाहेर पडत नाहीत. पण फाटकाची वेळ सकाळी सूर्य वर आल्यापासून दुपारपर्यंतची. कचेरीच्या वेळा कोण बदलणार? बिचारी डोळे बारीक करत, काट्यांचा खुळखुळाट करत रोज यायची.

दोन डोंगर ओलांडले की पलीकडे एक डोह होता. पाय धड असलेल्यांना तिथे जाता यायचं. साळूआजीला हा पाणवठा सोडला तर दुसरं पाणी नव्हतं. हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

आता यादीत नाव शोधायचं कसं?

आमच्या जंगलात यंत्र नव्हतं. मुंग्या होत्या. मुंग्यांना पानावर लिहून द्यायचं. त्या लिहिलेलं करायच्या. कमी नाही, जास्त नाही. माझ्या पानावर लिहिलं होतं, "पहिल्या सालीपासून सुरू करा. दिलेलं नाव आणि सालीवरचं नाव जुळतं का पाहा. नाही जुळलं तर पुढच्या सालीवर जा. जुळलं की ओरडा."

साळूआजी आली की मी मुंग्यांना तिचं नाव द्यायची. मुंग्या वेलीवरून पळत सुटायच्या. पहिली साल, दुसरी साल, तिसरी साल. शेवटी दोनशे बाराव्या सालीवरून आवाज यायचा, "सापडली!" तोवर आजी फाटकाशी उभी.

मला ते बघवेना.

"आजी, तुम्हाला फार ताटकळावं लागतं," मी एकदा म्हटलं.

"चालायचंच गं," आजी म्हणाली.

माझा जीव कळवळला. आपण एवढ्या दहावी शिकलेल्या, आणि एका म्हातारीचा वेळ वाचवता येऊ नये? मी ठरवलं, काहीतरी करायचं.

मुलांनो, जंगलात जेवढे घोटाळे होतात, त्यातले निम्मे कुणाचा तरी जीव कळवळल्यामुळे होतात. हे माझ्यावरून सांगते.

मी नकुलरावांकडे गेले. नकुलराव म्हणजे आमच्याकडचे मुंगूस. ते शहराच्या कडेला दोन वर्षं राहून आले होते. तिथे एका संगणकाच्या क्लासमागच्या गटारात त्यांचं बिऱ्हाड होतं. खिडकीतून जे ऐकू आलं, तेवढं त्यांनी पाठ केलं होतं.

"खारूबाई," ते म्हणाले, "तुमचं पान म्हणजे प्रोग्रॅम आहे. आणि तुमचा प्रोग्रॅम मंद आहे."

मला आधी राग आला. मग वाटलं, खरंच असेल. मला गणितात पस्तीसच गुण होते.

"मग काय करायचं?"

"शोधायच्या वेगवेगळ्या रीती असतात. सगळ्या करून बघायच्या. प्रत्येकीला किती वेळ लागतो ते मोजायचं. सर्वांत वेगवान असेल ती ठेवायची."

"मोजायचं कशाने?"

नकुलरावांनी वर बघितलं. झाडावर सुतारपक्षी ठोकत बसला होता. टक, टक, टक. एकसारखे, ना कमी ना जास्त. जंगलात एवढं नियमाने वागणारं दुसरं कुणी नव्हतं.

अशी आमची चाचणी ठरली.

"एक अट आहे," नकुलराव म्हणाले. "चाचणी चालू असताना यादीला कुणी हात लावायचा नाही. रांग मधे आली की आकडे बिघडतात. फाटक बंद ठेवावं लागेल."

"किती वेळ?"

"दोन तास. फार तर."

मी फाटकावर पाटी लावली. "आपल्याच सोयीसाठी बंद." अक्षर फार सुंदर आलं होतं.

पहिल्या दिवशी माझ्या जुन्या रीतीचा वेळ मोजायचा होता. चाचणीसाठी एक नाव हवं होतं.

"सर्वांत अवघड नाव घ्या," नकुलराव म्हणाले. "सर्वांत शेवटचं."

म्हणून आम्ही साळूआजीचं नाव घेतलं. मला तर आनंदच झाला. जिच्यासाठी सगळं चाललंय, तिचंच नाव.

मुंग्या सुटल्या. सुतारपक्षी ठोकू लागला. एका सालीला एक ठोका. "सापडली!" दोनशे बारा ठोके.

मी फाटक उघडायला उठले.

"बसा," नकुलराव म्हणाले. "एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. शंभर वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची."

"पण मुंग्या दर वेळी तेवढ्याच सालींवरून जाणार ना? दर वेळी दोनशे बाराच येणार."

"तेच सिद्ध करायचं आहे."

मला वाटलं, माझंच गणित कच्चं. बसले.

मुंग्यांची मुकादमीण मात्र फटकळ होती. साठाव्या फेरीला ती माझ्यापाशी आली. "बाई, म्हातारी कुठं टांगलीय ते आता माझ्या पोरींना तोंडपाठ आहे. सरळ शेवटी जाऊ का?"

"पानावर तसं लिहिलंय का?" नकुलरावांनी विचारलं.

"नाही."

"मग नाही जायचं."

"बरं," मुकादमीण म्हणाली. "शहाण्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे पायच जास्त लागतात." आणि पुन्हा पहिल्या सालीवर गेली.

दुपार टळली. फाटकाची वेळ संपली. बाहेर जमलेले प्राणी कंटाळून निघून गेले होते. हरणं कुंपणावरून उडी मारून पाणी पिऊन आली. माकडं झाडावरून उतरून पिऊन गेली. हत्ती आणि गवे डोंगरापलीकडच्या डोहावर गेले. पाटी वाचून, तिच्यावर विश्वास ठेवून, एकटी साळूआजी उभी होती.

"खारू," ती म्हणाली, "आतून सारखं माझं नाव ओरडतायत. मला वाटलं बोलावतायत."

"नाही आजी, ती चाचणी आहे."

"सापडले का मी?"

"सापडलात ना. शंभर वेळा सापडलात."

"बरं झालं बाई. मग पाणी?"

"उद्या, आजी. उद्या तुम्हाला उभंच राहावं लागणार नाही. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी?" आजीला अवघडल्यासारखं झालं. "कशाला गं एवढं." आणि ती खुळखुळत परत गेली.

दुसऱ्या दिवशी घुबडगुरुजी आले. त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं. दिवसा त्यांचे डोळे मिटलेले असत, पण बोलणं सुरू असे.

"एकेक साल बघत जाणं हे अडाण्याचं काम," गुरुजी म्हणाले. "नावं आधी वर्णक्रमाने लावा. मग मुंगीला थेट मधल्या सालीवर पाठवा. हवं असलेलं नाव त्याच्या पुढचं असेल, तर मागची अर्धी वेल सोडून द्या. उरलेल्या अर्ध्या वेलीच्या पुन्हा मधे जा. असं अर्धं अर्धं करत गेलं की आठ ठोक्यांत कुठलंही नाव सापडतं."

दोनशे बाराचे आठ! माझे डोळे पाणावले. गुरुजी एवढे हुशार, आणि मी त्यांच्या तासाला शेंगा खात बसायची.

आम्ही सगळ्या साली सोडल्या. जमिनीवर मांडल्या. वर्णक्रमाने लावू लागलो. त्याला किती ठोके लागले, ते नकुलरावांनी मोजू दिलं नाही. "तो शोधण्याचा वेळ नाही. तो तयारीचा वेळ. तो धरायचा नसतो." तयारीत अर्धा दिवस गेला. तो आम्ही धरला नाही. तहान लागलेल्यांनी धरला असेल.

त्यात हत्ती आला.

"माझं नाव कुठे आहे?"

"शेवटाकडे, हत्तीदादा. ह शेवटाकडे येतो."

"आणि पहिला कोण?"

"अस्वल."

अस्वल तेवढ्यात छाती काढून तिथून दोनदा फिरून गेलं.

"म्हणजे उंदीरसुद्धा माझ्या आधी?" हत्तीने सोंड आपटली. "ही कसली यादी! आमच्या घराण्यात आजवर कुणी उंदरामागे उभं राहिलं नाही."

शेवटी हत्तीच्या नावाची साल इतरांच्या दुप्पट मोठी घेतली. तेव्हा तो शांत झाला. वेल त्या बाजूला लोंबू लागली.

दुपारी चाचणी सुरू झाली. मुंगी मधल्या सालीवर गेली. मग पुढे. मग मागे. मग पुढे. मग मागे. पुढे, मागे, पुढे, मागे. सुतारपक्षी ठोकतो आहे आणि मुंगी दोनच सालींच्या मधे येरझाऱ्या घालते आहे. पाचशे ठोके झाले.

"अगं, काय करते आहेस?" मी ओरडले.

"लिहिलंय ते," मुकादमीण म्हणाली. "'पुढे असेल तर पुढे जा, मागे असेल तर मागे जा.' जुळलं तर ओरडा, थांबा, असं या पानावर कुठंच नाही."

पान नकुलरावांनी लिहिलं होतं. ते खाकरले. "अक्षर लागलं नसेल." मग त्यांनी पान बदललं.

मग शंभर वेळा साळूआजी आठ ठोक्यांत सापडली. नाव आता शेवटी नव्हतं, पण तुलना एकाच नावावर व्हायला हवी, असं नकुलरावांचं म्हणणं.

खरी साळूआजी फाटकाशी बसली होती. आज ती उभी नव्हती.

"किती झाले?" तिने विचारलं. तिचा आवाज कोरडा येत होता.

"आठच ठोके, आजी! दोनशे बाराचे आठ!"

"वा," आजी म्हणाली. "मग आता सोडणार?"

मी मागे बघितलं. नकुलराव मान हलवत होते. एक रीत अजून बाकी होती. त्यांची स्वतःची.

"उद्या नक्की," मी म्हटलं.

मुलांनो, मला तेव्हा फाटकाची कडी काढता येत होती. कडी माझ्या पंजाच्या उंचीवरच होती. साळूआजीला मी तोंडावरून ओळखत होते, तिच्या खुळखुळण्यावरून ओळखत होते. तिचं नाव मीच कोरलं होतं. ते यादीत आहे की नाही, हे मला मुंगी न पाठवताही ठाऊक होतं. पण ओळख असणं ही काही रीत नव्हती. तिचे ठोके मोजता येत नव्हते. शंभर वेळा करून तिची सरासरी काढता येत नव्हती. म्हणून मी तिचा विचारच केला नाही.

तिसऱ्या दिवशी नकुलरावांनी आपली रीत सांगितली.

"वेल नकोच. यादी नकोच. फाटकाजवळ ते वठलेलं झाड आहे. त्यात ढोल्या करायच्या. नाव ऐकलं की नावावरूनच ढोली ओळखायची, आणि थेट त्या ढोलीत हात घालायचा. आधी बघणं नाही, मधे बघणं नाही. एक ठोका."

एक! गुरुजींचे मिटलेले डोळेही उघडले.

सुतारपक्ष्याला ढोल्या पाडायला लावलं. आता तोच वेळ मोजत होता आणि तोच ढोल्या पाडत होता. कुठली टकटक वेळेची आणि कुठली कामाची, हे कळेना. त्या सकाळचे सगळे आकडे सोडून द्यावे लागले.

पहिल्यांदा नावाच्या पहिल्या अक्षराची एक ढोली केली. तासाभरात सशांचं शिष्टमंडळ आलं.

"आमची साल कुठल्या ढोलीत टाकलीत?"

"स च्या."

"तिथे अजून कोण आहे?"

"सरडा, साळू, सुतारपक्षी..." मी अडखळले. "आणि साप."

सशांचे कान उभे राहिले. "आम्ही सापाबरोबर एका बिळात?"

"अहो, नुसतं नाव आहे."

"आमचं नाव आम्हाला काही स्वस्त नाही!"

त्यांना रडू फुटलं. मलाही फुटलं. नकुलरावांनी प्रत्येक नावाला वेगळी ढोली द्यायचं ठरवलं. नावातल्या सगळ्या अक्षरांवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या ढोलीत ती साल. हिशेब असा लावला की कुणाचाही आकडा दुसऱ्याशी जुळू नये. त्या हिशेबात दुपार गेली. ढोल्या पाडण्यात संध्याकाळ गेली. दोनशे बारा ढोल्या. झाड चाळणीसारखं झालं आणि वाऱ्याने शीळ घालू लागलं.

ते तीन दिवस मी घरी गेलेच नाही. फाटकाच्या खांबावरच झोपले. कामाशी एवढी इमानदार होते मी.

आणि त्या तिसऱ्या दिवशी साळूआजी आली होती का? आली होती. मला पुसटसं आठवतं. ती फाटकाशी बसली आणि कधीतरी उठून गेली. मी सशांची समजूत घालत होते.

चौथ्या दिवशी सकाळी शंभर वेळा चाचणी झाली. शंभर वेळा एक ठोका. दुपारी सगळ्या जंगलासमोर दाखवायचं ठरलं. वाघराजा आले. डोहावरचे हत्ती, गवे, सगळे आले. झाडाला हार घातला होता.

नकुलरावांनी तक्ता वाचला. "पहिली रीत, दोनशे बारा ठोके. दुसरी रीत, आठ ठोके. तिसरी रीत, एक ठोका." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "या कामाची कल्पना खारूबाईंची. एका वृद्ध प्राण्याचा वेळ वाचावा, ही त्यांची तळमळ."

टाळ्या झाल्या. मी शेपटीत तोंड लपवलं. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"नाव, साळू!" नकुलराव ओरडले.

टक.

"सापडली!" मुंगी एकशे चाळीसाव्या ढोलीतून ओरडली.

जंगल दणाणून गेलं. हत्तींनी सोंडा वर केल्या. वाघराजा उभे राहिले. "शाबास! फाटक उघडा. पहिलं पाणी साळूआजीला. बोलवा तिला."

फाटक उघडलं.

कुणी पुढे आलं नाही.

"साळूआजी!" मी हाक मारली.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. खुळखुळाट कुठेच नव्हता.

"आता तर म्हणालीस सापडली म्हणून," वाघराजा मुंगीला म्हणाले.

मुकादमीण ढोलीतून बाहेर आली. "साल सापडली, महाराज. नाव कोरलंय, खारूबाईंचंच अक्षर आहे. म्हातारी ढोलीत नाही. म्हातारीला शोधा असं आम्हाला कुणी लिहून दिलेलं नाही."

चार दिवस. मी बोटं मोजली. चार दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"घाबरू नका," नकुलराव म्हणाले. "शोधायची रीत ठरवू. जंगलाचे दोन भाग करायचे—"

"त्याआधी झाडं वर्णक्रमाने लावावी लागतील," गुरुजी म्हणाले.

मी पळत सुटले.

आता ऐका. शहाणा प्राणी काय करेल? आधी तिच्या घरी जाईल. मी काय केलं? मी जंगलाच्या कडेला, पहिल्या करवंदीच्या जाळीपाशी गेले आणि आत डोकावले. नाही. दुसरी जाळी. नाही. तिसरी. चार दिवसांत माझं डोकं वेलीसारखं झालं होतं. एका टोकापासून सुरू करायचं आणि पुढे जायचं. बांबूची बेटं झाली, ओढ्याचं कोरडं पात्र झालं, वारुळं झाली. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं जंगल पालथं घातल्यावर एकच झाड उरलं. माझं.

त्याच्या मुळाशी बिळाच्या तोंडाशी साळूआजी पडली होती. काटे सगळे मिटलेले. नाक धुळीत.

"आजी!"

आजीने एक डोळा उघडला. "सापडले का मी?" तिने विचारलं. ओठ हलले, आवाज आलाच नाही. पण मला कळलं.

मी पाणवठ्याकडे धावले. फाटक उघडंच होतं. आणायला भांडं नव्हतं. मी शेपटी पाण्यात बुडवली, तशीच पळत आले आणि आजीच्या तोंडात पिळली. पुन्हा गेले, पुन्हा आले. पुन्हा गेले. वरच्या फांदीवर सुतारपक्षी येऊन बसला होता. त्याने ठोकायला चोच उचलली, माझ्याकडे बघितलं आणि खाली घेतली. त्या फेऱ्या किती झाल्या, ते आजवर कुणाला ठाऊक नाही.

ऊन कलताना आजी उठून बसली. एकेक काटा सरळ होऊ लागला.

"आजी, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला उन्हात दोनशे बारा ठोके उभं राहावं लागत होतं. तेवढं वाचवायला गेले."

"ते?" आजी म्हणाली. "अगं, ते तर मला बरं वाटायचं."

"बरं वाटायचं?"

"घरून चालत येईपर्यंत मला धाप लागायची. धापेत पाणी प्यायलं की ठसका लागतो. तुझ्या मुंग्या माझं नाव शोधत असायच्या, तेवढ्यात माझी धाप बसायची. मी फाटकाला टेकून उभी राहायची. छान वाटायचं."



"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, वेळ कमी करायचाय. मला वाटलं, तुलाच घाई असेल. नोकरी करणाऱ्या बाईला कशाला अडवा?"

पुढचं थोडक्यात सांगते. वाघराजांनी तिसऱ्या रीतीला मान्यता दिली आणि तिला 'साळू पद्धत' असं नाव दिलं. नकुलरावांना शेजारच्या जंगलातून बोलावणं आलं. मला मानपत्र मिळालं. ते सालीवर कोरलेलं आहे आणि घरात कुठेतरी ठेवलं आहे. मागच्या आठवड्यात शोधलं, सापडलं नाही.

तात्पर्य

मुलांनो, शोधण्याच्या रीतींची तुलना जरूर करावी. घाईने एखादीच रीत धरून बसू नये. आमची तिसरी रीत खरोखरच सर्वांत वेगवान होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त चाचणीसाठी नाव निवडताना जरा काळजी घ्यावी. फाटकाबाहेर उभं असलेल्याचं नाव कधीही निवडू नये. लांब राहणाऱ्या, अनोळखी प्राण्याचं निवडावं. म्हणजे शेवटी तो आला नाही, तरी समारंभ बिघडत नाही.

आणि ज्याचा वेळ वाचवायचा आहे, त्याला आधी काही विचारू नये. विचारलं तर कामच उरत नाही, आणि मानपत्रही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूआजी आली. मी तिला नाव विचारलं नाही. ती थोडा वेळ फाटकाला टेकून उभी राहिली, मग आत जाऊन पाणी प्यायली आणि घरी गेली.